मानेला अहो म्हणणारे काका

अख्ख्या हैदराबादेत स्वतःच्या मानेला अहो-जाहो करणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमचा घरमालक आहे. नल्लकुंट्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही बारा वर्षं भाड्यानं राहतोय. काका ऐंशीच्या घरातले, सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या यच्चयावत माणसांना ते अरे-तुरे करतात. त्यात जावई आले, बँकेचा मॅनेजर आला आणि मीही आलेच. सगळा आदर त्यांनी मानेसाठी राखून ठेवलाय. सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत ताठ बसून, डोळे अर्धवट मिटून ते तिला म्हणतात, "या, जरा उजवीकडे या. सवडीनं." मग मान उजवीकडे निघते. ती खांद्यापर्यंत पोहोचेतो वर माझी आंघोळ, डबे आणि लेकीची वेणी आटोपलेली असते.

या अदबीमागे इतिहास आहे. तीसेक वर्षं काकांनी टेबलावर वाकून गावोगावचे नकाशे उतरवून काढले. शेवटी मान अशी आखडली की भिंतीवरचं घड्याळ बघायलासुद्धा अख्खं अंग वळवावं लागे. मलमं झाली, शेक झाले, पट्टा झाला. मग शेजारच्या गल्लीतल्या एका योगशिक्षिकेनं त्यांना श्वासाबरोबर मान हलवायला शिकवलं, आणि वर्षभरात ती सुटली. तेव्हापासून काका म्हणतात की इतकी वर्षं मी त्यांना हुकूम सोडले, आता विनंती करतो. लोकांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, माना राहतात. आमच्या दूधवाल्याला ते 'डावा खांदा' म्हणतात आणि तोही ओ देतो.

एकदा त्यांच्या पुतणीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी घरातलं मोठं माणूस म्हणून काकांना विचारलं, मग पुढचं ठरवायचं ना? नेमकी ती काकांच्या मानेची वेळ. मान डावीकडून उजवीकडे गेली, उजवीकडून डावीकडे आली, तीही इतक्या गंभीरपणे की तसा नकार कुणी कधी पाहिला नसेल. मुलाची आई पदर सावरून उठली, वडील चपला शोधायला लागले. पुतणीच्या डोळ्यांत पाणी. पण श्वास अर्धवट सोडून बोलणं काकांना मंजूर नव्हतं. तो पुरता सोडून झाल्यावर ते म्हणाले की मुलगा चांगला आहे, फक्त मान पुढे काढून चालतो, लग्नानंतर माझ्याकडे पाठवा. लग्न झालं. तो जावई दर रविवारी येऊन व्हरांड्यात बसतो.

मी हे सगळं हसून सांगायची. मग माझीच मान आखडली. मी दातांची डॉक्टर. कोठी भागातल्या एका गल्लीत माझा स्वतःचा छोटा दवाखाना आहे. अठरा वर्षं लोकांच्या तोंडात वाकून बघितल्याचा हा परिणाम. दुपारनंतर उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि ज्या हातात दात धरायचा त्याला मुंग्या म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, आणि हेही सांगितलं की असंच चाललं तर दवाखाना सोडून कुठंतरी शिकवायची नोकरी बघा. त्या रात्री मी खूप रडले.

सकाळी निमूटपणे काकांकडे जाऊन बसले. हळूहळू मान वळवायची, ओढ लागली की तिथंच थांबायचं, श्वास सोडायचा, परत यायचं. मला सगळ्याची घाई. मी मान झटकन वळवली की काका मला जिना चढून परत खाली यायला लावत. "हल्लू हल्लू, डॉक्टर," ते म्हणत. दोन महिन्यांत सकाळी मान हलकी व्हायला लागली, पण संध्याकाळी ये रे माझ्या मागल्या. माझा धीर सुटत चालला. तेव्हा काका म्हणाले, चल, तुझा दवाखाना बघू.

सकाळभर ते बाकावर बसून माझ्या मानेकडे बघत होते. माझे बरेच पेशंट वयस्क. परक्यांसमोर पाय पसरून आडवं व्हायचं म्हणजे बेअदबी, असं इथल्या मुसलमान खालांना वाटतं, तेलुगू अम्मांना वाटतं आणि आपल्या मराठी आज्यांनाही वाटतं. म्हणून मी त्यांना बसवूनच ठेवायची आणि स्वतः वाकडी होऊन दात बघायची. अठरा वर्षांत मला यात काही चुकतंय असं वाटलंच नव्हतं.

"सकाळी मानेची माफी मागतेस," काका म्हणाले, "आणि दहा वाजल्यापासून परत तिला राबवतेस."

मग त्यांनी चपला काढल्या. त्यांची एक दाढ वर्षभर हलत होती, पण भीतीपोटी त्यांनी मला कधी तोंड उघडून दाखवलं नव्हतं. तेच काका माझ्या खुर्चीत चढले, दार उघडं ठेवायला सांगितलं आणि बाकाकडे पाय करून सपाट आडवे झाले. दोन्ही मुठी घट्ट आवळलेल्या. तिथूनच त्यांनी बाकावर नंबराची वाट बघणाऱ्या एका खालाला हाक मारली, "देख लो खाला, लेट गया मैं. अपनी डॉक्टर की गर्दन का सवाल है, शरमाना नक्को."

खालानं काकांचे उघडे पाय बघितले. मग म्हणाली की पायांवर घालायला एक चादर दे, मीही झोपते. काकांची दाढ मी ताठ मानेनं काढली, आणि डोळे भरून आल्यामुळे मधे दोनदा थांबावं लागलं. आता दवाखान्यात धुतलेल्या चादरींची चळत असते आणि सगळे आडवे होतात. मुंग्या क्वचितच येतात. नोकरीचा विषय मिटला.

काकांची मान मात्र हल्ली थरथरते. वयाचं आहे, त्याला व्यायाम नाही. परवा विचारलं तर म्हणाले, "आता त्या माझं ऐकत नाहीत गं. त्या नेतील तिकडे मी जातो." मी रोज सकाळी खाली जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसते. माझी मान उजवीकडे पूर्ण वळली की शेवटी काका दिसतात. नियमानं तिथं दोन श्वास थांबायचं असतं. मी जरा जास्तच थांबते.