नळीवाले साहेब

श्रावणातल्या एका सोमवारी आमचा बांध फुटला. माती काकांच्या खाचरात गेली आणि त्यांची भाताची लावणी तिच्याखाली गेली.

नळीवाले साहेब त्या काळी शेती खात्यातर्फे कुळगावात येत. गळ्यात पाण्याने भरलेली, आरपार दिसणारी नळी असे. ती त्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून स्वतःच्या पैशांनी घेतली होती, कारण सरकारी नळी मंजुरीच्या वाटेवर होती. नळीची दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडचं पाणी जिथे स्थिरावेल तिथे खुणा करायच्या, की सपाटीची रेघ मिळते. त्या रेघेवर बांध घातला तर उतारावरची माती थांबते. खर्चाचा एक हिस्सा सरकार देणार, उरलेला शेतकऱ्याने अंगमेहनतीने भरायचा, अशी योजना होती.

कुणी वाद घातला की साहेब म्हणत, "आपण पाण्याला विचारू." मग खरंच विचारत. एकदा चहाच्या टपरीवरचं बाकडं कलतं आहे हे त्यांनी नळी लावून सिद्ध केलं. टपरीवाल्याने त्यांना उभ्यानेच चहा दिला.

आमच्या जमिनीत ती रेघ वीस पावलं काकांच्या हद्दीत शिरत होती. बाबा आणि काका वाटणीपासून बोलत नव्हते. बाबांनी बांध हद्दीपाशी आणला आणि काटकोनात वळवला.

साहेब म्हणाले, "भाऊ, वाटणी तुमची झाली. उताराची नाही झाली."

"सायेब, तुमी बांधाचं बोला. आमचे घरचं नको."

साहेबांनी वहीत 'अपूर्ण' लिहिलं. सरकारचा हिस्सा अडकला. पुढे तो कोपराच फुटला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. कुणालाही दोष दिला नाही. नळीचं एक टोक बाबांच्या हातात दिलं, दुसरं काकांच्या, आणि पाठ दुखते म्हणून करंजाखाली जाऊन बसले. नळी धरणाऱ्यांना बोलावंच लागतं.

दोघांनी आपापल्या टोकातलं पाणी पाहिलं. मग काका म्हणाले, "वर घे."

"किती?"

"बोटभर. तुझं बोट नको, मोठं आहे."

साहेबांनी बिडी पेटवली आणि दुसरीकडे पाहत राहिले.

बांध दोघांनी मिळून पुरा केला. अर्जावर सह्या एकाखाली एक झाल्या. साहेबांनी 'पूर्ण' लिहिलं, तारीख घातली आणि शेजारच्या शेतावर गेले. पुढे त्यांची बदली झाली. निरोपाला बाबांनी नारळ दिला, तो त्यांनी हलवून पाहिला आणि म्हणाले, "पाणी आहे."

गेल्या महिन्यात साहेब वारल्याचं कळलं. बाबा आणि काका त्यांच्या आधीच गेले. काकांच्या मुलांनी त्यांचा भाग विकला, तिथे आता इमारत आहे. आमच्या भागात माती टिकली आहे आणि नाचणी होते. दरवर्षी मी एक पोतं काकांच्या मुलांकडे, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पोहोचवतो.