इंजिन बंद करून

"परत म्हण."

मी परत म्हणालो.

सरांनी खोलीचं दार उघडलं आणि बाहेरच्या दुकानात हाक मारली. "या रे, या. हे ऐका. निमोण्याहून आवाज आलाय." दुकानातला नोकर आला. कॅसेटी बघत उभी असलेली दोन गिऱ्हाइकं आली. सरांनी माझ्याकडं बोट केलं. "हं. म्हण."

मी कागदावरचं वाक्य म्हणालो. बाजारपेठ, पाण्याची टाकी, भव्य सेल, असंच काहीतरी होतं. कागदावर ते शुद्ध लिहिलेलं होतं, माझ्या तोंडातून आमच्या गावचं, निमोण्याचं होऊन बाहेर आलं. चौघं हसले. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा नोकराच्या डोळ्यांत पाणी आलं.

चौथ्यांदा मीही हसलो. त्यांच्याबरोबर. स्वतःवर. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मी वीस वर्षांचा. दौंड स्टेशनजवळ सरांच्या कॅसेटच्या दुकानामागं जाहिराती रेकॉर्ड करायची ती खोली होती. भिंतींना गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकलेले. मालगाडी जायला लागली की रेकॉर्डिंग थांबवायचं, गेली की सुरू करायचं. दौंडात मालगाड्यांना तोटा नाही.

"आवाज आहे तुला," सर म्हणाले. "पण तोंडाला शेणाचा वास येतो." मग नाव विचारलं. मी सांगितलं. "अरे वा. तुमच्यात असून मराठी बरी आहे की."

आमच्यात म्हणजे कुठं? निमोण्यात? असं विचारायला पाहिजे होतं. माझ्या पणजोबांची कबर निमोण्यात आहे. आम्ही घरात आमची दखनी बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर सगळ्या गावासारखं मराठी. ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण मी "थँक यू सर" म्हणालो.

बाहेर माझे अब्बा चपला काढून उभे होते. मला तेच घेऊन आले होते. "ह्येला घ्या सायेब, गळा चांगला हाय ह्येचा," असं हात जोडून म्हणाले होते. परत जाताना रिक्षात विचारलं, "का हसत व्हते?"

"काय न्हाई. जोक झाला," मी म्हणालो.

अब्बांचा धंदा पुकारण्याचा. रिक्षावर दोन भोंगे, आत माईक. शिरूर तालुक्यातली बरीच गावं त्यांना आवाजावरून ओळखायची. सर्कस आली, शाळेचे प्रवेश निघाले, साड्यांचं दुकान उघडलं की हुसेनभाईला बोलवा. त्यांना वाचता जेमतेम यायचं. दुकानदार काय ते सांगायचा, अब्बा ऐकून घ्यायचे आणि आपल्या पद्धतीनं बोलायचे. आधी घसा खाकरायचे. मग, "ऐका मायबाप, नवी लुगडी आल्यात. आल्यात." शेवटचा शब्द दोनदा. दुसऱ्यांदा जरा हळू, घरातल्या माणसाला सांगितल्यासारखा.

आणि त्यांचे दोन नेम होते. कुठल्याही गावात शिरायच्या आधी वेशीजवळच्या हॉटेलापाशी रिक्षा थांबवायची आणि विचारायचं, "गावात कुणी गेलंय का?" कुणी गेलेलं असलं तर भोंगा वाजवायचा नाही. रिक्षा वळवून पुढचं गाव गाठायचं आणि या गावाचा फेरा दुसऱ्या दिवशी करून द्यायचा. दुसरा नेम, पारापाशी आल्यावर इंजिन बंद करायचं. बंद करून जरा थांबायचं. धूळ खाली बसायची, बायका हातातलं काम सोडून मान वर करायच्या. मग माईक.

"चालत्या गाडीतून मानसाशी बोलू न्हाई," ते मला सांगायचे. "त्येला वाटतं, आपुन निगालोच." घरात दखनी बोलणारा हा माणूस रिक्षात बसला की माझ्याशीही मराठीच बोलायचा. कामाची भाषा ती.

मग कॅसेटी आल्या. दुकानदारांना संगीत पाहिजे, स्वच्छ आवाज पाहिजे. रिक्षावाल्यानं फक्त बटण दाबायचं. अब्बांचं बोलणं बंद होत गेलं. म्हणून तर त्यांनी मला दौंडला नेलं. त्यांच्या गळ्याचं काम माझ्या गळ्यानं करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दोन वर्षं मी तोंड धुतलं. दातांत पेन्सिल धरून पेपर वाचला. एकेक शब्द घासला. घरात बहिणीला टोकायला लागलो. एकदा अब्बांनाही टोकलं, चार माणसांत. सर खूश होते. गिऱ्हाईक आलं की माझी ओळख दुसऱ्याच नावानं करून द्यायचे. "उगाच प्रश्न नकोत," म्हणायचे. मीही त्या नावाला "ओ" द्यायला शिकलो.

मग दौंडच्या एका मोठ्या कापड दुकानाची जाहिरात आली. त्यात दोन आवाज होते. एक शहरातला, सभ्य. दुसरा खेड्यातला पुकारणारा म्हातारा, ज्याला काही कळत नाही, जो सगळं उलटंसुलटं सांगतो. दोन्ही मीच करायचे. सभ्य आवाज एका झटक्यात झाला. म्हातारा जमेना. दोन वर्षांत मी इतका घासला गेलो होतो की मला गावठी बोलता येईना.

"अजून गावठी," सर काचेपलीकडून म्हणायचे. "अजून. अरे, तू कुठून आलायस, आठव की."

मला आठवलं. मी घसा खाकरला. "ऐका मायबाप, लुगडी आल्यात. आल्यात."

सर खुर्चीतून उठले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "कुठून आणलास हा माणूस?"

"आमचे वडील," मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो, हे लिहायलाच पाहिजे. नंतर चहा पिताना सरांना आणखी हसवावं म्हणून सगळं सांगितलं. इंजिन कसं बंद करतात. वेशीवर काय विचारतात. सरांनी मांडीवर थाप मारली. "साड्या विकायला जातो आणि मयत विचारतो?" मी पुन्हा त्यांच्याबरोबर हसलो. आतापर्यंत मला ते चांगलं जमायला लागलं होतं.

सरांनी म्हाताऱ्याच्या आवाजामागं रिक्षाचा फटफटाट भरला. कॅसेट गाजली. शाळेतली पोरं एकमेकांना "आल्यात, आल्यात" करायला लागली.

दुकानानं ती कॅसेट रिक्षावाल्यांना वाटली. शिरूरच्या बाजूच्या गावांसाठी जी रिक्षा ठरली, ती अब्बांची होती.

मला कळलं तेव्हा ते शिरूरहून निघायच्या तयारीत होते. कॅसेट त्यांनी अजून ऐकली नव्हती. "चल, आपल्या गावात तुजा आवाज लावू," म्हणाले. भोंगे फडक्यानं पुसले होते. मी रिक्षात बसलो. वाटेत सांगता आलं असतं. शिरूरपासून निमोण्यापर्यंत बराच रस्ता आहे. मी रस्त्याकडेचा ऊस बघत बसलो.

वेशीवर त्यांनी विचारलं, "कुणी गेलंय का?"

"न्हाई, लावा, हुसेनभाई."

पारापाशी इंजिन बंद केलं. थांबले. पारावर पंधरा-वीस माणसं असतील. आमच्या शेजारचे तुकाराम आप्पा होते, अब्बांचे लहानपणापासूनचे सोबती. अब्बा म्हणाले, "आवाज माज्या पोराचा हाय." आणि बटण दाबलं.

आधी सभ्य आवाज आला. अब्बांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. मग फटफटाट. मग खाकरणं. मग ते स्वतः.

पारावर हसू फुटलं. आप्पा हसले नाहीत. रिक्षापाशी आले. "हुसेनभाई, ह्ये तुमीच व्हय?"

"व्हय की," अब्बा म्हणाले. "पोरानं बापाला जाहिरातीत घेतलं." आणि हसले. तोंडानं हसले, कान लाल झाले होते. हात टेपच्या बटणावर होता. ते दाबलं नाही. काम घेतलं होतं, शेवटपर्यंत वाजवलं.

पुढं अजून सात-आठ गावं होती. मी पोटात दुखतंय म्हणालो आणि तिथंच उतरलो. ते एकटे गेले. प्रत्येक गावात इंजिन बंद करून, थांबून, ती कॅसेट एकट्यानं वाजवली. माझ्या अपराधांत मी हा सगळ्यात वरचा धरतो. नक्कल केली ती हावेपोटी केली, तिला काहीतरी कारण होतं. उतरलो त्याला भित्रेपणाशिवाय कारण नव्हतं.

संध्याकाळी ते रिक्षा धूत होते. मी बादली भरून दिली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आवाज हुबेहूब काढला. फकस्त मी कवा चालत्या गाडीतून बोललो न्हाई." आणि चाक धुवायला लागले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच महिन्यात तुकाराम आप्पा गेले. अब्बा शिरूरहून येत होते, मीही रिक्षात होतो. वेशीवर विचारलं, तेव्हा कळलं. तिथंच रिक्षा लावली, दोन्ही भोंगे काढून सीटवर ठेवले आणि चालत आप्पांच्या मातीला गेले. मी त्यांच्या मागून चाललो होतो. सगळा रस्ता त्यांची पाठ बघत.

नंतर आठवड्याभरात सरांनी बोलावलं. जाहिरातीचा दुसरा भाग. दुकानाचे मालक आणि त्यांचे भाऊ खुर्च्या टाकून बसले होते, हसायच्या तयारीत. सरांनी कागद दिला. त्यात म्हातारा रिक्षा घेऊन गावात शिरतो आणि ओरडतो, "कुणी मेलंय का? न्हाई? मग साड्या घ्या!" मी चहा पिताना सांगितलेलं सरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं.

"चल," सर म्हणाले, "बोलाव तुझ्या बापाला."

मी हेडफोन घातला. तेवढ्यात मालगाडी आली. सगळे थांबले. लांबलचक गाडी होती. मी कागद हातात धरून उभा. मला सीटवर ठेवलेले ते दोन भोंगे दिसत होते. गाडी गेली. सरांनी काचेपलीकडून खूण केली.

मी माईकमध्येच बोललो. "ह्ये मी बोलनार न्हाई."

"काय?"

"ह्यो माजा बाप हाय. त्यो इचारतो म्हनून मयताच्या घरात भोंगा ऐकू जात न्हाई. त्यात हसन्यासारकं काय हाय?"

सर हसले. सवयीनं. "आज काय गावठी लागलंय रे! परत म्हण."

मी परत म्हणालो. सगळं, शब्दाला शब्द. दोन वर्षं घासलेलं तोंड आपोआप निमोण्याला परत आलं होतं. मालकाच्या भावानं मान खाली घातली. सरांचं हसणं अर्ध्यात राहिलं.

"मी तुला बोलायला शिकवलं," ते म्हणाले.

"न्हाई सर. तुमी हसायला शिकवलं."

कागद माईकच्या स्टँडवर ठेवला आणि बाहेर पडलो. पहिल्या कॅसेटची मूळ प्रत मागितली होती, ती मिळाली नाही. दुकानाची मालकी, म्हणाले. ती कॅसेट वर्षभर वाजत राहिली. मी नकार दिला, हे मी अब्बांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते शाबासकी मागितल्यासारखं झालं असतं. माफीही मागितली नाही. रोज ठरवायचो, रोज राहायचं.

पुढं शिरूरला मी स्वतःच्या नावानं जाहिराती रेकॉर्ड करायचं काम सुरू केलं. नाव बदललं नाही, कुणाची नक्कल केली नाही. एवढ्यानं सुटलो असं वाटत होतं.

दोन हजार चारमध्ये अब्बा गेले. निमोण्यात. जनाजा उचलला, आम्ही दारातून बाहेर पडलो आणि पाराकडून एक रिक्षा आली. मोबाईलच्या दुकानाची जाहिरात लावलेली. वेशीवर कुणी विचारलं नव्हतं. रिक्षा चालतच होती. "धमाका ऑफर," भोंगा ओरडत होता. स्वच्छ, घासलेला, पळणारा आवाज.

आवाज माझा होता.

गावातली पोरं रिक्षा थांबवायला धावली. माझ्या खांद्यावर अब्बा होते आणि माझाच आवाज त्यांच्यावरून ओरडत गेला. नक्कल सोडली म्हणून मी वेगळा झालो नव्हतो. मी अजून चालत्या गाडीतूनच बोलत होतो.

त्यानंतर मी बोलायची पद्धत बदलली. माईक सुरू झाला की मी आधी थांबतो. दोन सेकंद, काहीच नाही. मग एका माणसाशी बोलावं तसं बोलतो, माझ्या गावच्या तोंडानं. शेवटचा शब्द कधीकधी दोनदा येतो. येऊ देतो. लोक त्याला माझी स्टाईल म्हणतात. मी काय म्हणतो ते मी कुणाला सांगत नाही. प्रत्येक प्रतीवर हातानं लिहितो, "गावात आधी विचारा, मग लावा." जो रिक्षावाला विचारत नाही, त्याला पुढची कॅसेट मिळत नाही.

बरीच कामं गेली. पुण्याचा एक जाहिरातवाला म्हणाला, आवाज झकास आहे, फक्त सुरुवातीची शांतता कापू आणि भाषा जरा साफ करू. मी टेप परत घेतली.

माफी आता मागता येत नाही, आणि कबरीपाशी जाऊन मागायचीही नाही. तिथं मागितली तर मी हलका होईन. मला हलकं व्हायचं नाही. अब्बांची नक्कल केलेली ती कॅसेट माझ्याकडं आहे, एका रिक्षावाल्याकडून मिळवली. कामाला बसण्याआधी मी ती पूर्ण ऐकतो. अब्बांनी पारावर ऐकली तशी, बटणावर हात ठेवून, बंद न करता. मग माईक ओढतो. थांबतो. ज्याला ते दोन सेकंद कापायचे असतील, त्यानं माझा आवाज मागू नये.