धोंड्याचा पैलवान

त्या वर्षी माझं वजन बावन्न किलो होतं आणि पुसेगावला, सासुरवाडीत, माझा फार मोठा मान होता.

धोंड्याचा महिना होता. जावयाला नवे कपडे करतात, तसा मामांनी (म्हणजे सासऱ्यांनी) मला पांढराशुभ्र सफारी शिवला होता. संध्याकाळी तो घालून पाटावर बसायचं आणि अनारशांचं वाण घ्यायचं. तोवर काम नव्हतं, म्हणून मेहुणी शोभानं टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून दिला.

"दाजी, आधी आपला माणूस निवडा."

मी आकडे बघितल्याशिवाय भाजीसुद्धा घेत नाही! पडद्यावर प्रत्येकाचं बळ आणि वेग लिहिलेला होता. सगळ्यात जास्त बळाचा, लाल लंगोटातला पैलवान मी निवडला. दुपारभर राक्षस, डाकू आणि एक अस्वल (ते का होतं कुणास ठाऊक!) लोळवलं.

पाणी प्यायला उठलो, तर छाती आपोआप पुढं आलेली. हात अंगाला टेकेनात.

"अहो, असं का चालताय?" बायको म्हणाली. "काखंत गळू झालं का?"

मी छाती आणखी पुढं काढली. पैलवान बोलत नसतो.

संध्याकाळी सफारी घालून ओसरीवर आलो आणि नेमका मामांचा एडका दावं तोडून अंगणात शिरला. बाया आत पळाल्या.

"जावईबापू, मागं व्हा! लई मारका हाय त्यो!" मामा ओरडले.

"मामा, तुमी बसा. मी बघतो."

अंगणात उतरून मी गुडघे वाकवले, मुठी वळल्या. एडका मागं सरला. (मला वाटलं, घाबरला! तो धावायला जागा करतोय, हे मी सोडून त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.)

"दाजी, उडी मारा!" शोभा किंचाळली.

मी मारली! म्हणजे दोन्ही अंगठे हवेत जोरात दाबले. पाय जमिनीवरच होते.

पुढच्या क्षणी मी उकिरड्यात होतो. थोडा वेळ तसाच पडून राहिलो. खेळातला पैलवान लुकलुकतो आणि आपोआप उभा राहतो. मला चौघांनी उचललं.

वाण मी मामांचं जुनं धोतर नेसून घेतलं. शोभा तोंडाला पदर लावून म्हणाली, "दाजी, आणखी खेळता? यावेळी दुसरा माणूस घ्या."

मी पुन्हा सगळे आकडे नीट तपासले. शेवटी एक किडकिडीत, चष्मेवाला उभा होता. बळ सगळ्यात कमी, पळायचा वेग सगळ्यात जास्त.

माझा हिशेब चुकला नव्हता हो, फक्त रकाना चुकला होता!