पाटीचा खांब

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. गल्लीतल्या जुन्या लोकांत टाकीचा विषय निघाला की काहीतरी निमित्त काढून मी उठायचो. आता विषय काढणारेही फारसे उरले नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकातलं, कानडी मुलखातलं चामराजपेट. आमच्या मराठी समाजाच्या सभागृहाला लागून चार खांबांवर सिमेंटची पाण्याची टाकी होती. नळाला पाणी दिवसाआड, तेही बारीक धारेचं, त्यामुळे सगळी गल्ली त्या टाकीवर चालायची. समाजातल्या एका वृद्ध व्यापाऱ्यांनी ती पत्नीच्या स्मरणार्थ बांधून दिली होती. पुढच्या खांबावर त्या माउलीच्या नावाची संगमरवरी पाटी होती. बायका येता-जाता पाटीला हळदकुंकू लावत, शुक्रवारी हार घालत.

खांबांवर गंजाचे डाग दिसायला लागले, तेव्हा समाजानं मला तपासायला सांगितलं. बोम्मसंद्र्याकडे कारखान्यांच्या शेड बांधणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर होतो, आणि घरचा माणूस म्हणून फुकट मिळत होतो.

टाकीच्या सावलीत, त्या पुढच्या खांबाशी, एक बाई शिलाई मशीन घेऊन बसायच्या. साड्यांना फॉल लावून द्यायच्या. नवरा गेल्यापासून घर त्या मशीनवरच चालत होतं. मला हातोडी घेऊन आलेला बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"काय अण्णा, आमचं छप्पर पाडायला आलात?"

"बघतो, अक्का. आतून पोकळ झालं असेल तर ठोकल्यावर आवाजात कळतं."

"आणि पोकळ निघालं तर?"

"तर तुम्हाला हलावं लागेल."

"मग भरीवच निघू दे. फुकट सावली दुसरं कोण देतंय मला?"

तीन खांब ठोकले. आवाज बरा होता. पाटीच्या खांबापाशी आलो, तर व्यापारी तिथंच खुर्ची टाकून बसलेले. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिच्या नावावर हातोडी मारतोस होय रे?"

आजूबाजूचे हसले. मीही हसलो आणि हातोडी पिशवीत टाकली. पाटीखालचा डाग सगळ्यांत गडद होता. पाटी बसवताना पाडलेल्या भोकांतून पाणी मुरत असणार, आतल्या सळया फुगत असणार, हे मला कळत होतं. पाटी काढून बघू या, असं म्हणायला तोंड उघडलं नाही, इतकंच.

संध्याकाळी सभेत सांगितलं, "स्वल्प दुरुस्ती लागेल. गौरी-गणपती होऊन जाऊ द्या." टाकी रिकामी केली असती तर ऐन सणात गल्लीला पाणी नसतं. सगळ्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलं, "मग बसू ना इथं?"

"बसा की," मी म्हणालो.

विसर्जनाच्या आधी एका दुपारी ती पाटी मागच्या सिमेंटसकट निखळली आणि त्यांच्या उजव्या पायावर पडली. टाकी तशीच उभी राहिली. पाय वाचला, पण घोटा वळेनासा झाला. मशीन पायाचं होतं.

लाउडस्पीकरच्या हादऱ्यानं पाटी सुटली, असं लोक म्हणू लागले. मला विचारलं, तर मी म्हणालो, "सरी, बरोबर आहे, तसंही होऊ शकतं." अक्का स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "अण्णांनी नीट तपासलं होतं हो. माझंच नशीब." मी ते समोर उभा राहून ऐकून घेतलं आहे.

पुढे मशीन विकून त्या होसकोट्याला लेकीकडे राहायला गेल्या. मी एकदाच गेलो. कॉफी झाली. गल्लीत कोण आहे, कोण गेलं, सगळं बोलून झालं. त्यांनीच विचारलं, "टाकीचं काय केलं?"

"पाडली."

"बरं झालं. सावली मात्र छान होती हं."

तेव्हा सांगता आलं असतं. मी कप खाली ठेवला आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो. वर्षभरात त्या गेल्याचं कळलं.

अक्का, तो खांब मी ठोकलाच नव्हता. बसा म्हणालो, तेव्हा मला शंका होती. नशीब तुमचं नव्हतं, चूक माझी होती. मला क्षमा करा.