माझं सेफ कॉलेज

एमबीएची परीक्षा मुळात माझी नव्हतीच, नणंदेची होती. बीकॉम झाल्यावर तिनं चिंचवडला क्लास लावला आणि घरी अभ्यासाला सोबत हवी म्हणून मला ओढलं. ती माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणते. चिखलीतल्या आमच्या घरात तशीच पद्धत आहे. मी तेव्हा चाकणच्या एका कंपनीत परचेसला होते. सकाळी कंपनीची बस मोशीपासून कुरुळीपर्यंत रांगत जायची, तेवढ्यात मी तिच्या पुस्तकातली गणितं सोडवायचे. मजा यायची, एवढंच. तिच्याबरोबर परीक्षेचं रजिस्ट्रेशन मीही केलं; तिनं ज्या कॉलेजांवर खूण केली त्यांच्यावर मीही केली. शिवाय पुण्यातल्या एका कॉलेजाचा अर्ज दोघींनी वेगळा भरला. शिकलेच तर मी घरी राहून शिकणार, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं.

निकाल लागला आणि माझे पर्सेंटाइल तिच्यापेक्षा बरेच जास्त आले. कुणाचं अभिनंदन करावं ते घरात कुणाला कळेना. सासूबाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटले. "आमच्या दोघी बी पास झाल्या."

"आई, यात पास-नापास नसतं," ताई म्हणाली.

"मग काय असतं?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आता कुठलं कॉलेज बोलावतंय ते बघायचं असतं."

"म्हंजे अजून काहीच झालं न्हाई व्हय?" पेढे मात्र वाटून झाले होते.

ताईच्या क्लासमध्ये कॉलेज निवडायला मदत करणारे एक सर होते. त्यांच्याकडे दोघी गेलो. त्यांनी दहावी, बारावी, डिग्रीचे मार्क विचारले, माझ्या नोकरीचे महिने विचारले आणि कागदावर तीन भाग पाडले: ड्रीम म्हणजे नशिबात असलं तर, टार्गेट म्हणजे जमण्यासारखं, सेफ म्हणजे हमखास मिळणारं.

"तुमचं छान आहे," ते ताईला म्हणाले. "कॉमर्स, मुलगी, दहावीला उत्तम मार्क. दक्षिणेतली ही दोन तुमच्या टार्गेटमध्ये धरा." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही इंजिनियर. इंजिनियरांची गर्दी फार आहे हो. बारावीला मार्कही घसरलेत. तुम्ही पुण्याचं सेफ धरा, बाकी सगळं ड्रीम."

"पण सर, वहिनीला माझ्यापेक्षा जास्त पडलेत."

"नुसत्या पर्सेंटाइलवर नसतं ते."

"मग कशावर असतं?"

"सगळं मिळून असतं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मॅनेजर मॅडमना विचारलं. त्यांचं एमबीए झालेलं होतं. त्यांनी नेमकं उलटं सांगितलं. "अगं, तुझ्यासारख्या मुली कितीशा असतात? प्लांटमध्ये काम केलंय, सप्लायरशी भांडलीयेस. तुला तर बोलावतीलच. पुण्याचं मात्र सांगता येत नाही, तिथं सगळेच अर्ज करतात." माझा नवरा हिंजवडीजवळ माणला एका आयटी कंपनीत आहे. त्यानं इंटरनेटवर माझी माहिती भरून अंदाज काढले. एक वेबसाइट म्हणाली शक्यता उत्तम, दुसरी म्हणाली जवळपास नाहीच. माहिती दोन्हीकडे तीच.

लॅपटॉप मिटताना त्यानं विचारलं, "पण तू खरंच जाणार आहेस का?"

"कुठं?"

"कुठंही."

जायचं नव्हतं असंही नाही. नाव लागलंच तर काय, हा प्रश्न तोपर्यंत मी कधी स्वतःला विचारलाच नव्हता.

मग इंटरव्ह्यूचे कॉल यायला लागले. पुण्याच्या माझ्या सेफ कॉलेजानं मला बोलावलंच नाही, ताईला बोलावलं. सरांनी जी दोन ताईच्या टार्गेटमध्ये घातली होती, त्यांतल्या एकाचा कॉल मला आला, ताईला दोन्हींपैकी एकाचाही नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. रागावली होती की काय, ते मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना एकदम म्हणाली, "वहिनी, मी ना, चिडलेय. पण कुणावर तेच कळत नाहीये."

"मलाही," मी म्हणाले. खरंच कळत नव्हतं. मला आनंद झाला होता, आणि तो दाखवावा कुठं ते उमगत नव्हतं.

माझा इंटरव्ह्यू ऑनलाइन झाला. पुण्याच्या कॉलेजासाठी पाठ केलेली उत्तरं इथं चालणार नव्हती. समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "आमचंच कॉलेज का?"

मी म्हणाले, "मॅडम, खरं सांगायचं तर तुम्ही बोलवाल असं मला वाटलंच नव्हतं."

त्यांच्या शेजारचे गृहस्थ हसले. मग बराच वेळ ते आमच्या कंपनीला कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग पुरवणाऱ्या एका सप्लायरबद्दल विचारत राहिले. त्याचा माल रखडला होता, आणि त्याला सोडावं की सांभाळून घ्यावं हे मला ठरवायचं होतं. "काय केलंत?" मी म्हटलं, सांभाळून घेतलं, पण ते बरोबर होतं का हे मला अजून ठाऊक नाही. इंटरव्ह्यू संपला तेव्हा मी सगळं बिघडवून ठेवलंय याची मला खात्री होती.

त्या कॉलेजाच्या वेटलिस्टवर माझं नाव आलं. ताईला पुण्याचं मिळालं. ती नवे कपडे, बॅग असं काहीबाही आणायला लागली. मी रोज कंपनीत जात होते. वेटलिस्ट कुठवर सरकते ते सरांना विचारलं तर ते म्हणाले, "गेल्या वर्षी खूप सरकली होती, पण यंदाचं काही सांगता येत नाही." उन्हाळा सरता सरता मेल आला: जागा आहे, लवकर कळवा.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. "लांब हाय?"

"लांब आहे, आई. दोन वर्षं."

त्यांनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "मला काय बी समजत न्हाई बघ. तुला पाठवायची व्हती का पोरीला, ते कवा ठरलं?"

"आपण नाही ठरवलं, आई."

"मग जा." आणि रडायला लागल्या. नवरा मध्येच उभा, कुणाला समजवावं या विचारात.

मी दक्षिणेतल्या त्या कॉलेजात आले. हॉस्टेलच्या खोलीत पहिले काही दिवस चुकून आल्यासारखं वाटत राहिलं. दुसऱ्या टर्ममध्ये इंटरव्ह्यूतले ते गृहस्थ आम्हाला शिकवायला आले. एकदा वर्गाबाहेर धीर करून विचारलं, "सर, मला का घेतलंत?"

त्यांनी चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आठवला नसावा. "काहीतरी चांगलं बोलली असशील," ते म्हणाले आणि चहाला गेले.

परवा ताईचा फोन आला. तिच्या जुन्या क्लासनं तिला नव्या मुलांशी बोलायला बोलावलंय, कॉलेजं कशी निवडायची आणि आपला चान्स कसा ओळखायचा यावर. "वहिनी, काय सांगू गं त्यांना?"

"तुला काय वाटतं?"

पलीकडे ती हसायलाच लागली. म्हणाली, "सर म्हणायचे तेच सांगते. सगळं मिळून असतं."