सहाय्य कक्षाचा पराक्रम
झाशीतल्या एका खासगी कॉलेजसाठी मी प्रेम नगरच्या घरातून ऑनलाइन अर्थशास्त्र शिकवते. मागे तपासणीला कुणी येणार म्हणून कॉलेजला एकाएकी विद्यार्थ्यांचा कळवळा आला आणि ‘सहाय्य कक्ष’ निघाला. माजी सैनिक, अंध मुलं, लेकुरवाळ्या बायका, खेड्यातली पोरं, सगळ्यांची मोट एकत्र. कक्ष म्हणजे एक संयोजक आणि स्क्रीनवर झळकणारं एक बॅनर.

माझ्या वर्गात तोफखान्यातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. मूळचे सांगलीकडचे, आता झाशीतच दतिया गेटजवळ राहणारे. तोफांपाशी कान गेलेले. मला मराठीतच म्हणाले, “मॅडम, तुमचं निम्मं बोलणं कळत नाही. नोट्स आधी पाठवाल का? आणि बोललेलं खाली लिहून आलं तर फार बरं.”

नोट्स मी त्याच दिवशी पाठवल्या. बोललेलं स्क्रीनवर लिहून दाखवणं मात्र कक्षाच्या हाती होतं, म्हणून संयोजकांना सांगितलं. त्यांनी काय करावं? हवालदारांचा ऑनलाइन सत्कार ठेवला! देशभक्तीचं गाणं एवढं मोठ्यानं लावलं की चांगल्या कानांनाही काही ऐकू येईना. मग संयोजक गहिवरून म्हणाले, “भाईसाहब, सीमा का कोई रोमांचक किस्सा सुनाइए।”

हवालदारांनी कानामागे हात धरला. “क्या कहा? लिखकर भेजिए, सुनाई नहीं देता।”

“वाह! क्या जज़्बा है!” संयोजक म्हणाले. स्क्रीनभर टाळ्यांची चित्रं उधळली गेली. हवालदार बावरून सगळ्यांना नमस्कार करत राहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी संयोजकांना पुन्हा फोन केला. “देखेंगे मैडम। हवालदार साहब की वर्दी वाली फ़ोटो है क्या?”

त्या माणसाकडून कसली आशा करायची! मी वर्गातच विचारलं, माझं बोलणं कोण टाइप करेल? गुरसराय गावातली एक सून पुढे आली. मांडीवर तान्हं बाळ, म्हणून ती माइक कधी उघडायचीच नाही. तिचं सगळं बोलणं चॅटमध्येच चाले. तिची बोटं अशी काही धावायची की मीच अडखळायची. नेटवर्क तुटणारी मुलंही तेच वाचायला लागली. आणि आमचे गप्प बसणारे हवालदार? वाचायला मिळताच त्यांना कंठ फुटला. महागाईवर माझ्याशी अशी हुज्जत घालायचे की धडा पुढे सरकेना. वैतागायची मी, पण सुखावायचीही.

दोघंही पास झाले. वार्षिक बैठकीत संयोजकांनी हे यश कक्षाच्या नावे जाहीर केलं. मी विचारलं, “कक्षानं नक्की केलं काय?”

“प्रेरणा दी, मैडम।”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी कॅमेरा बंद केला. माझं संतापलेलं तोंड त्या वेळी चारचौघांना दाखवण्याजोगं नव्हतं.