पहारेकरी वेगळ्या घरात

मावशीच्या स्वयंपाकघरात एकच सुरी आहे. आई दर भेटीत टोमणा मारते, "पगार मिळतो ना गं तुला? एखादी नवी घे की." मावशी सुरीची धार अंगठ्यावर हलकेच पाहते. "ही कापते. दुसरी कशाला?"

तिची नोकरी इस्पितळाच्या सर्व्हररूममध्ये आहे. रुग्णांचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी, सारं ज्या यंत्रांवर चालतं, ती यंत्रं चालू ठेवायची. खोली इतकी थंड की भर उन्हाळ्यातही मावशी तिथे स्वेटर घालून बसते.

सुरुवातीला कुणी काही सुचवलं की ती ते सॉफ्टवेअर बसवायची. एक ना धड, भाराभर चिंध्या. मग एकदा रिपोर्टचा सर्व्हर बंद पडला आणि कितीतरी वेळ तिला पत्ताच नाही. यंत्र बंद पडलं की हाक मारणारी सिस्टीम तिने त्याच सर्व्हरवर ठेवली होती. घर कोसळलं, पहारेकरी आत. लोकांना वाटलं, लॅबलाच उशीर होतोय. शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलेल्या एक आजी रिपोर्टची वाट पाहत बाकावर तशाच बसून राहिल्या. त्या आजींना मावशी विसरली नाही.

त्यानंतर तिने झाडून सगळं काढलं. उरलं ते मोजकंच: नजर ठेवणारं एक, दुरून यंत्रात शिरता येईल असं एक, माहितीच्या नकला घेऊन दुसरीकडे ठेवणारं एक. नजर ठेवणारं बसवलं औषधांच्या खिडकीमागच्या कपाटावर, एका जुन्या लॅपटॉपमध्ये. नवं काही घ्यायचं तर आधी यंत्र मुद्दाम बंद पाडून बघायचं, हा तिचा नेम.

यंदा नवे मुख्य डॉक्टर आले आणि त्यांनी एका कंपनीचं 'सर्व काही एकात' असलेलं पॅकेज घ्यायचं जवळजवळ ठरवलं. ते आलं असतं तर मावशीची हत्यारं गेली असती आणि मावशी नोंदणीच्या खिडकीवर.

"घ्या की," ती त्यांना म्हणाली, "पण आधी त्यांचं आणि माझं, दोन्ही बंद पाडून बघू."

चाचणीच्या दिवशी ती चष्मा घरी विसरली. एरवी असं होत नाही. मी तो घेऊन पोचले, तेव्हा टेबलावर चाचणीची दोन यंत्रं शेजारी शेजारी चालू होती. एक कंपनीचं, एक मावशीचं. डॉक्टरांनी स्वतः वाकून दोन्ही वायरी उपसल्या.

मावशीच्या स्वेटरच्या खिशात फोन थरथरला.

कंपनीच्या माणसाने आपल्या लॅपटॉपचा पडदा अभिमानाने वळवला. "बघा सर, सगळं हिरवं! काही प्रॉब्लेम नाही."

"अहो," डॉक्टर म्हणाले, "तुमची वायर माझ्या हातात आहे."

त्याने पडदा पुन्हा आपल्याकडे वळवला. शेवटचा हिरवा रंग तिथे तसाच गोठला होता. त्याचाही पहारेकरी त्याच घरात होता.

"आता दोन्ही यंत्रं जळाली असं समजा," मावशी म्हणाली. "माहिती परत आणा."

परत आणायची सोयही त्याच पॅकेजमध्ये, म्हणजे त्याच यंत्रात. त्याने कंपनीला फोन लावला. स्पीकरवर 'कृपया प्रतीक्षा करा' आणि बासरी सुरू झाली. मावशीने चष्मा घातला, एक कोरं यंत्र पुढे ओढलं आणि कळफलकावर हात ठेवले. बासरी वाजतच होती.

"कुठलाही रुग्ण सांगा."

डॉक्टरांनी क्रमांक सांगितला. रिपोर्ट पडद्यावर आला. त्यांनी आणखी एक सांगितला. तोही आला. मग त्यांनी उगाचच तिसरा सांगितला, आणि आम्ही सगळेच हसलो.

"पॅकेज नको," ते म्हणाले. "मॅडम, तुमचं आहे तेच चालू ठेवा. आणि दर महिन्याला माझ्यासमोर एकदा बंद पाडा."

कंपनीचा माणूस बॅग भरत होता. मावशी त्याच्याजवळ गेली. "मीही हेच केलं होतं हो. पहारेकरी वेगळ्या घरात ठेवा, मग या. खरंच या, बघू आपण."

डॉक्टरांच्या हातात वायरी अजून तशाच होत्या. "या कुठे लावू?"

"जिथून काढल्यात तिथेच."

आम्ही बाहेर पडलो. ऊन लख्ख होतं. स्वेटर काढायचंही भान नसलेली माझी मावशी इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना चक्क शिट्टी वाजवत होती. नीट ऐकलं, तर ती फोनमधली बासरीची धून होती.